पुसलं की खरंच जातं का? प्रदर्शनात मांडायच्या कामाबद्दल मतं हवीत (कोल्हापूर)

रेघोटी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून एक छोटं प्रदर्शन लावतोय. बाकीच्यांची जलरंगातली चित्रं आहेत, एकाची शिल्पं आहेत. मी प्रोजेक्टर आणि कॅमेरा घेऊन बसणार, म्हणून मला एक कोपरा काळे पडदे लावून बंद करून दिलाय.

काम थोडक्यात असं. तुम्ही पडदा सारून आत आलात की वेबकॅम तुमच्या आकृतीची फक्त बाहेरची रेषा उचलतो, चेहरा उचलत नाही. ती आकृती समोरच्या भिंतीवर उमटते आणि तिथंच राहते, तुम्ही बाजूला झालात तरी. तुमच्या आधी येऊन गेलेल्यांच्याही आकृत्या तिथंच असतात, एकमेकींवर चढलेल्या. बाहेर पडायच्या वाटेवर घराच्या बेलचं साधं बटण. ते दाबलं की तुमची आकृती पावलांपासून वर एकेक ओळ करत पुसली जाते. मुद्दाम सावकाश, म्हणजे माणूस थांबून बघेल. न दाबता गेलात तर आकृती राहते. हे सगळं एका रास्पबेरी पायवर, म्हणजे तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर, चालतं.

हे करावंसं वाटलं कारण आपण दिवसभर फोनवर काहीतरी पुसत असतो आणि पुसलं गेलं का हे कुणीच बघत नाही. गुगल फोटोजवर बॅकअप घेतलेला फोटो डिलीट केला तरी ट्रॅशमध्ये ६० दिवस पडून असतो. व्हॉट्सॲपवर 'सगळ्यांसाठी डिलीट' केलं तरी समोरच्यानं तोवर स्क्रीनशॉट काढलेला असू शकतो. आपल्याला फक्त समाधान मिळतं.

आता दोन प्रश्न.

एक, रेकॉर्ड. पुढं कुठं अर्ज करायचा झाला तर कामाचा व्हिडिओ मागतात. पण पुसण्याबद्दलचं काम मांडणाऱ्यानं पुसलेल्या गोष्टीची कॉपी स्वतःकडे ठेवली, तर माझ्या मते ते काम खोटं. रॉबर्ट राउशेनबर्ग या अमेरिकन चित्रकारानं १९५३मध्ये विलेम डी कूनिंग या नावाजलेल्या चित्रकाराकडून त्याचं एक चित्र मागून घेतलं आणि खोडलं. डी कूनिंगनं मुद्दाम खोडायला अवघड असं चित्र दिलं होतं, ते घालवायला कित्येक खोडरबर आणि कित्येक दिवस गेले. आणि २०१०मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयानं इन्फ्रारेड स्कॅन करून खालच्या चित्राच्या खुणा पुन्हा वर काढल्या! अभ्यासकांना आनंद झाला असेल, मला मात्र ते वाचून कसंतरीच झालं.

दोन, आमच्यातल्या एकाचं म्हणणं आहे की जुन्या बाजारातून वापरलेली मेमरी कार्डं घ्यायची, त्यातले डिलीट झालेले फोटो परत काढायचे आणि धूसर करून शेजारच्या भिंतीवर दाखवायचे. परिणाम जबरदस्त होईल हे मान्य, पण मन तयार होत नाही. काय वाटतं?

सोल्डरवाला

लय भारी विषय काढलाईस बघ. माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाय, तवा कार्डाबद्दल मी बोलतो, कलेबद्दल बाकीचे बोलतील.

कार्ड फॉरमॅट मारलं की फाइलची नोंद जाती, फाइल न्हाई. त्या जागेवर नवीन काय लिहिलं गेलं तरच जुनं जातं. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर हाय. ते नोंदी बघतच न्हाई. जेपीईजी फोटो एफएफ डी८ एफएफ ह्या तीन बाइटनं चालू होतो. सॉफ्टवेअर अख्खं कार्ड चाळत जातं, ही तीन बाइट दिसली की तिथनं पुढं उचलतं. म्हणून परत आलेल्या फोटोला नाव नसतंय, फोल्डर नसतंय, नुसतं 'एफ' आणि पुढं आकडे.

आणि बरेच फोटो अर्धेच येत्यात. गिऱ्हाइकाचंच कार्ड होतं, त्याच्यासमोर काढून दिलेलं. वर फुगे, पाळण्याची दोरी, आत्याबाईचं कपाळ आणि कुंकू, आणि त्याच्याखाली सगळी करडी पट्टी. आत्याबाईच्या तोंडाच्या जागेवर नंतर कधीतरी दुसरी फाइल बसलेली. तो माणूस त्या करड्या पट्टीकडं बघत बसला. मी म्हटलं, दादा, एवढंच हाय.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं. हे आजच्या फोनचं चित्र न्हाई. नव्या फोनमधलं स्टोरेज मुळातच एन्क्रिप्ट असतं, म्हंजे किल्लीबिगर वाचताच येत न्हाई. फॅक्टरी रीसेट मारला की किल्ली जाती, मग आत राहिलेल्याचा काय उपयोग न्हाई. तवा जुन्या कार्डावर काम केलंस तर ते दहा वर्षांमागच्या लोकांची उघडझाप होईल. आणि बहुतेक गरिबांची, कारण कार्ड विकायला तेच येत्यात.

तिखटजाळ

राग मानू नका, पण ह्याला कला म्हणायचं? बटण दाबलं, चित्र गेलं. कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते आबालाल रहमान, बाबूराव पेंटर ह्या माणसांमुळं. हातात ब्रश धरून आयुष्य घालवलं त्यांनी. उद्या वायरमन म्हणंल मीपण कलाकार.

जुना_कॅमेरा

@तिखटजाळ, उदाहरण चुकीच्या माणसाचं दिलंत. बाबूराव पेंटरांनी ब्रश धरला तसा लेथही चालवला. आनंदराव आणि बाबूराव या भावांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवायचं मनावर घेतलं, आणि आनंदराव गेल्यावर बाबूरावांनी ते पूर्ण केलं. त्या काळातल्या कुणीतरी 'हे वायरमनचं काम' म्हटलं असेलच. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, तो ब्रशचा नाही.

आणि या धाग्याचा विषय त्यांच्याशीच जाऊन भिडतो. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा मूकपट १९२०चा. आज तो पाहायला मिळत नाही. भारतात १३००च्या आसपास मूकपट बनले असं सांगतात, त्यातले उरले अगदी थोडे. नायट्रेटची फिल्म भसकन पेट घेते, ओल लागली की चिकट होते, आणि जी टिकली ती पुष्कळदा चांदी काढण्यासाठी भंगारात गेली. (चांदीचं काम करणाऱ्या हुपरीकरांनी मनावर घेऊ नये, मी तुमच्यावर काही ढकलत नाहीये.) ज्या गावचा सिनेमा असा गेला, त्या गावातली मुलगी पुसण्यावर काम करतेय आणि आपण तिला विचारतोय की यात कला कुठं आहे.

माझी शंका वेगळी आहे. रेघोटी, तू रेकॉर्ड न ठेवण्याला तत्त्व म्हणतेस. आमच्या पिढीला रेकॉर्ड न ठेवल्याचाच त्रास झालाय.

तात्पुरता_पुणेकर

मूळचा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला, पोटासाठी पुण्यात. या प्रकारची कामं थोडीफार पाहतो, म्हणून चार शब्द.

राफाएल लोझानो-हेमर या मेक्सिकन-कॅनेडियन कलाकाराचं 'पल्स इंडेक्स' (२०१०) बघा. तुम्ही यंत्रात बोट घालता, बोटाचा ठसा सूक्ष्मदर्शकाखालून प्रचंड मोठा होऊन तुमच्या नाडीच्या ठोक्यावर पडद्यावर धडधडतो. पुढचा माणूस आला की तुमचा ठसा एक घर मागं सरकतो आणि लहान होतो. सगळ्यात जुना ठसा बाहेर पडतो. म्हणजे तिथं पुसण्याचं बटण कुणाच्याच हातात नाही, गर्दीच पुसते.

त्याचंच २०१५चं 'लेव्हल ऑफ कॉन्फिडन्स' नेमकं उलट दिशेनं जातं. मेक्सिकोत सप्टेंबर २०१४मध्ये आयोत्सिनापा इथल्या अध्यापक विद्यालयाचे ४३ विद्यार्थी पळवून नेले गेले. हे काम तुमचा चेहरा टिपतं आणि त्या ४३ जणांपैकी कुणाशी किती टक्के जुळतो ते सांगतं. जुळणार कुणीच नाही, तरी यंत्र शोधत राहतं. पोलीस आणि लष्कर वापरतात तेच तंत्र, पण शोध पुसून टाकलेल्या मुलांचा. मला वाटतं या विषयावर याहून तिखट काम मी पाहिलेलं नाही.

आणि २००९चं 'वेब २.० सुइसाइड मशीन', रॉटरडॅमच्या तरुण मंडळींचं. तुम्ही तुमच्या फेसबुकसारख्या अकाउंटचा पासवर्ड द्यायचा, मशीन तो बदलून टाकणार आणि तुमच्या डोळ्यांदेखत एकेक मित्र काढत जाणार. फेसबुकनं त्यांना वकिलाची नोटीस धाडली. गंमत म्हणजे अकाउंट मशीनला बंद करता येतच नव्हतं, ते फक्त रिकामं व्हायचं.

रेघोटी, तुझ्या सावकाश पुसण्याशी हे जुळतं. बघायला वेळ दिल्याशिवाय पुसणं लक्षात येत नाही.

भारतातलं उदाहरण हवं असेल तर शिल्पा गुप्तांची सावल्यांची कामं आहेत, २००६-०७ची. प्रेक्षकाची सावली कॅमेरा टिपतो, पडद्यावर वरून वस्तू पडतात आणि त्या तुमच्या सावलीला चिकटतात. झटकून जात नाहीत.

वकिलीण

कार्डांबद्दल आधी. कार्ड विकत घेतलं म्हणजे त्यातलं लोकांचं खासगी आयुष्य विकत घेतलं असं होत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ला सांगितलंय. धूसर केलं तरी तुम्ही आधी ते बघितलेलं असतंच. नकोच ते.

हा प्रश्न नवाही नाही. गारफिंकेल आणि शेलाट या एमआयटीतल्या दोघांनी १५८ वापरलेल्या हार्डडिस्क विकत घेऊन २००३मध्ये निबंध छापला होता. चालू स्थितीतल्या १२९पैकी फक्त १२ नीट पुसलेल्या निघाल्या. तो अभ्यास होता, त्यांनी कुणाचे फोटो भिंतीवर लावले नाहीत.

आता आकृत्या. 'चेहरा नाही म्हणजे माहिती नाही' असं समजू नकोस. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात प्रश्न असतो तो माणूस ओळखता येतो का हा. कोल्हापुरात नऊवारी, हातात काठी आणि किंचित डावीकडे झुकलेली मान एवढ्यावर अख्खी गल्ली नाव सांगेल. त्या कायद्याच्या १२व्या कलमात दुरुस्ती आणि डेटा पुसून घेण्याचा हक्क आहे. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले, तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. तुझ्या एवढ्याशा कामामागं कुणी लागणार नाही, पण दोन गोष्टी कर. पडद्याबाहेर सूचना मराठीत लाव, आत गेल्यावर नव्हे. आणि १८ वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत कायदा पालकांची संमती मागतो. शाहू स्मारकला शाळेच्या सहली येतात, त्या दिवशी कॅमेरा बंद ठेव किंवा आकृती मुळात ठेवूच नको.

पंचगंगाकाठ

सगळं वाचलं. हुशार आहात सगळे. पण माझ्या मनात जे आलं ते लिहिते, राग नसावा.

आम्ही शाहूपुरी कुंभार गल्लीतले. २०१९ला घरात पाणी, २०२१ला परत पाणी. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे आमच्याकडं बालवाडीतलं पोरगं पण सांगतं. पहिल्या वेळी कपाटाच्या वरच्या कप्प्यात लग्नाचा अल्बम ठेवला होता. परत आल्यावर बघतोय तर पानं एकमेकांना धरून बसलेली. सासूबाईंनी एक पान हळूच सोडवलं, तर त्या पानावरचा माझ्या वडिलांचा चेहरा पलीकडच्या प्लॅस्टिकला चिकटून गेला. उलटा. वडील तेव्हा हयात नव्हते. कॉम्प्युटरमधली हार्डडिस्क पण गेली. फोटो परत काढून देणाऱ्यानं सांगितलेला खर्च ऐकून आम्ही गप्प बसलो.

तुम्ही म्हणताय पुसण्याचा हक्क. बरोबर असेल. पण आमचं आम्ही पुसलं नव्हतं. आमच्यासारख्या माणसाला तुझ्या खोलीत काय आहे ते सांग. आणि एक साधा प्रश्न, रेघोटी. लाइट गेली तर काय होतं?

रेघोटी

ताई, राग कसला. तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मी कालपासून अडकलेय.

सध्या सगळ्या आकृत्या फक्त रॅममध्ये असतात. कार्डावर काहीच लिहिलं जात नाही. मुद्दाम तसं केलंय, कारण मेमरी कार्डाचा कंट्रोलर (आतली चिप) एकच गोष्ट कुठकुठं लिहून ठेवतो यावर आपला ताबा नसतो. वर 'ओव्हररायट' केलं तरी आत जुना तुकडा राहू शकतो. रॅममध्ये ठेवलं की वीज गेली की गेलं.

पंचगंगाकाठ

म्हणजे ज्यानं बटण दाबलं नाही, ज्याला राहायचं होतं, त्याचंही गेलं. मग तुझी खोली आणि आमचा पूर एकच की गं.

तिखटजाळ

ताई, खटक्यावर बोट!

जुना_कॅमेरा

+१. माझी शंका मी इतक्या नेमकेपणानं मांडू शकलो नव्हतो.

सोल्डरवाला

यूपीएस लाव की. आमच्या दुकानातला पडीक हाय.

रेघोटी

यूपीएसनं दोन तास मिळतील काका, पण ताईंचा मुद्दा तसाच राहतो. रात्री दालन बंद करताना मेन स्विच खाली पडतोच. राहायचं ठरवलेल्याला राहता आलं पाहिजे आणि पुसायचं ठरवलेल्याचं पुरतं गेलं पाहिजे, दोन्ही एकाच कार्डावर. आणि मधे मी नको.

तात्पुरता_पुणेकर

मग फोनवाली युक्ती वापर, सोल्डरवाला यांनी पहिल्याच प्रतिसादात सांगितलीय. प्रत्येक आकृती वेगळ्या किल्लीनं एन्क्रिप्ट करून कार्डावर ठेव. कार्डावर तिचे कितीही तुकडे राहू देत, किल्ली नसेल तर तो निव्वळ कचरा. किल्ली फक्त रॅममध्ये. बटण दाबलं की किल्ली जाते.

सोल्डरवाला

आणि लाइट गेली की सगळ्यांच्याच किल्ल्या जाणार. परत तिथंच आलास भावा.

किल्ली माणसालाच दे. छापून. बिलाचा छोटा प्रिंटर असतोय बघ, किराणा दुकानात असतो तसला. आत आलं की चिठ्ठी बाहेर, त्याच्यावर क्यूआर. लाइट जाऊन आली, दुसऱ्या दिवशी दालन उघडलं, ज्याला आपली आकृती परत भिंतीवर हवी त्यानं चिठ्ठी आणून दाखवायची. ज्याला पुसायचंय त्यानं बटण दाबायचं आणि चिठ्ठी फाडायची.

वकिलीण

हे मला सगळ्यात आवडलं. रेघोटीकडे काहीच उरत नाही, त्यामुळे तिला कुणी मागूही शकत नाही. चिठ्ठीवर नाव छापू नको, वेळही नको.

तात्पुरता_पुणेकर

थर्मल कागद आहे, उन्हात आणि पाकिटात काही महिन्यांत फिका पडेल. चालेल?

रेघोटी

चालेल. उलट तसं चिठ्ठीवरच छापते: ही चिठ्ठी फिकी पडते, टिकवायची असेल तर हातानं उतरवून घ्या. सोळा अक्षरांची किल्ली क्यूआरच्या खाली छापता येईल.

तिखटजाळ

एक शंका, खरोखरची. कुणी चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढला आणि मग चिठ्ठी फाडली तर?

रेघोटी

मग त्यानं पुसलेलं नाही. फोटो त्याच्याच हातात आहे, ते त्याचं त्यानं बघायचं. विल्यम गिब्सन या लेखकाची १९९२ची 'ॲग्रिपा' नावाची कविता फ्लॉपीवर होती. एकदा पडद्यावरून सरकली की स्वतःलाच कुलूप लावून घ्यायची. पहिल्या जाहीर प्रयोगानंतर लगेच तिचा मजकूर नेटवर आला आणि आजही आहे. मी कुणाला अडवू शकत नाही, फक्त माझ्या बाजूनं काही ठेवणार नाही.

जुना_कॅमेरा

आणि व्हिडिओ रेकॉर्ड? तुझा पहिला प्रश्न तसाच लोंबकळतोय. मी अजूनही म्हणतो की काहीतरी ठेव. शंभर वर्षांनी कुणीतरी धागा काढेल की कोल्हापुरात असं एक काम झालं होतं म्हणे.

रेघोटी

सर, त्यावर असं ठरवलंय. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही प्रदर्शनवाले सगळे आत जाऊ, आकृत्या उमटवू, काही पुसू, काही ठेवू, आणि त्याचं चित्रीकरण करू. सगळ्यांची संमती आहे. कोड आणि जोडणीचा आराखडा उघडा ठेवते, म्हणजे कुणालाही हे काम पुन्हा उभं करता येईल. दालन लोकांसाठी उघडल्यावर मात्र कॅमेरा फक्त भिंतीसाठी. अर्ज करताना आदल्या दिवशीचा व्हिडिओ पाठवेन आणि तो आदल्या दिवशीचा आहे असं लिहीन. नाही निवडलं तर नाही.

कार्डांचा विचार सोडला. त्या मित्राला हा धागा वाचायला दिलाय, तो वकिलीणबाईंच्या प्रतिसादानंतर जरा गप्प आहे.

बाहेरच्या फलकाचा मजकूर असा केलाय, सुचवण्या असतील तर सांगा:

'आत कॅमेरा आहे. तो तुमच्या आकृतीची रेषा घेतो, चेहरा घेत नाही. आकृती कुलूपबंद राहते, तिची किल्ली तुम्हाला मिळणाऱ्या चिठ्ठीवर आहे. आमच्याकडे दुसरी किल्ली नाही. पुसायचं असेल तर बटण दाबा आणि चिठ्ठी फाडा. ठेवायचं असेल तर चिठ्ठी जपा. चिठ्ठी हरवली तर आम्हालाही परत आणता येणार नाही. १८ वर्षांखालील मुलांची आकृती ठेवली जात नाही, त्यांनी डाव्या पडद्यातून जावं.'

वकिलीण

'कुलूपबंद राहते'च्या पुढं 'प्रदर्शन संपल्यावर कार्ड नष्ट केलं जाईल' घाल. आणि खरंच कर.

पंचगंगाकाठ

मजकूर चांगला झालाय. मी सासूबाईंना घेऊन येणार आहे. त्यांना ठेवायचंय, आधीच सांगून ठेवलंय त्यांनी. तिथं पायऱ्या किती आहेत आणि आत बसायला काही मिळेल का, एवढं सांग.

रेघोटी

ताई, खुर्ची मी स्वतः ठेवते पडद्याजवळ. पायऱ्यांचं उद्या जाऊन बघून सांगते, आणि वर चढवायला आम्ही दोघं-तिघं असूच.

तिखटजाळ

मीपण येतो. कला हाय का न्हाई ते बघून सांगतो. चिठ्ठी फाडायला टोपली ठेवा तेवढी, न्हाईतर शाहू स्मारकचे शिपाई तुमचीच आकृती पुसतील.

सोल्डरवाला

प्रिंटर माझ्याकडचा ने, दोन इंची हाय, जुना हाय पण चालतोय. रोल ५७ मिलिमीटरचा लागतो, ८० चा आणू नकोस, बसत न्हाई. आणि यूएसबी केबल सैल हाय त्याची, टेपनं बांधून ठेव.